माझ्यातला एक शब्द

माझ्या दुसऱ्या ओळीत 'तपासलेले' असा एक शब्द आहे. कुणी तपासले, कधी तपासले, हे मात्र माझ्यात कुठेच लिहिलेले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दुकानावरची नव्हे, संगणकातली, चार ओळींची. संगणकात एजंट नावाचा एक मदतनीस असतो. त्याच्यापुढे पुष्कळ अवजारे मांडलेली असतात. त्यातले कोणते उचलायचे, हे तो अवजार उलटसुलट करून ठरवत नाही. त्यावरची पाटी वाचून ठरवतो. माझे अवजार स्मार्ट करारांचे, म्हणजे पैशांच्या व्यवहाराचे, मतदानाचे नियम संगणकात लिहून केलेल्या करारांचे, नमुने शोधून देते. असा करार एकदा सुरू झाला की आपोआप चालतो आणि मग मध्येच दुरुस्त करता येत नाही.

मला आमच्या ऑफिसातल्या भाऊंनी लिहिले. तेव्हा नमुने मोजकेच होते आणि भाऊ प्रत्येक नमुना स्वतः चालवून बघत. पुढे भाऊ गटप्रमुख झाले. नमुने कुठून कुठून येऊन पडत राहिले. मी होते तशीच राहिले.

माझे कौतुक फार झाले. पाट्यांची परीक्षा होई, तीत मी नेहमी पहिली. एजंट मला निवडतो का, एवढेच त्या परीक्षेत बघत. मी सांगते ते खरे आहे का, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. मग परीक्षेचे काम एका बाईंकडे आले. ऑफिसात त्यांना सगळे शंकेखोर म्हणत.

"पैकीच्या पैकी गुण आहेत की हिला," भाऊ म्हणाले. "आता काय हिची जन्मपत्रिका काढणार?"

"काढते ना. इतकं गोड बोलणारं कुणी भेटलं की मी आधी पर्स सांभाळते."

बाईंनी माझ्यातला तो एक शब्द काढला. एजंट लगेच शेजारच्या अवजाराकडे वळला. शब्द परत घातला, स्वारी माझ्याकडे हजर. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी एकेक नमुना उघडून चालवायला घेतला. मतदानाच्या नमुन्यापाशी त्या थांबल्या.

"भाऊ, हे बघा. इथे आपलं मत दुसऱ्याला सोपवता येतं. पण सोपवल्यावरही स्वतःचं शिल्लकच राहतं. म्हणजे एका माणसाची दोन मतं! अवजार बंद करा."

"बघू."

भाऊंचे ते 'बघू' बरेच दिवस चालले. लोक याच अवजारासाठी येत होते आणि तो शब्द भाऊंच्याच हातचा होता. तेवढ्या दिवसांत मला माझ्याच ओळींचा संशय येऊ लागला. एजंट आला की वाटे, बाबा रे, एकदा तरी आत डोकावून बघ.

एका दुपारी बाईंच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. त्या परिचारिका. संघटनेच्या निवडणुकीला उभ्या होत्या.

"अगं, आमचं मतदान आज संध्याकाळी सुरू होतंय. करार तुमच्याच मदतनीसाने करून दिला. तपासलेला नमुना आहे म्हणाला."

बाई ताडकन उठल्या. "ताई, सुरू करू नकोस! त्यात एकेकाला दोनदा मत देता येतं."

"आणि मी काय सांगू? मीच उमेदवार. मी थांबवलं तर म्हणतील, हरायला आली म्हणून खोडा घातला. तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? तू माझी बहीण."

बाई फोन तसाच हातात धरून भाऊंच्या टेबलाशी गेल्या. त्यांच्या पडद्यावर मी उघडीच होते. बाईंनी फोनचा स्पीकर लावून तो समोर ठेवला.

मित्रांनो, पाटीला स्वतःचे डोळे नसतात. आतला माल नासला तरी ती तेच सांगत राहते. म्हणून ज्याने पाटी लावली, त्याने अधूनमधून आत जाऊन यावे. आणि वाचणाऱ्याने गोड शब्द दिसला की 'कशावरून?' एवढे विचारावे. मला राग येणार नाही.

भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत वाचले. मग फोन जवळ ओढला.

"ताई, मी इथला गटप्रमुख बोलतोय. मतदान सुरू करू नका. ते नमुने आम्ही तपासलेले नाहीत. तुमच्या संघटनेला तसं मी माझ्या सहीनं कळवतो. आणि हे अवजार मी आत्ता, या क्षणी बंद करतोय."