ब्रेक ऑइल केव्हा बदललं होतं?

मी एक जुनी, लाल रंगाची, फार वेगाने पळणारी गाडी आहे. मित्रांनो, एवढं वाचून तुमचे डोळे चमकले असतील तर जरा थांबा. मी ही हकिगत शेखी मिरवायला सांगत नाही. शेखी मिरवून झाली, चांगली चार वर्षं मिरवली, आणि ती अंगाशीही आली. आता मी एका गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी असते. तोंड भिंतीकडे आहे हे एका परीने बरंच झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यावर रंगाचे चार थर चढले. शेवटचा थर वाळल्यावर एका कामगाराने माझ्या पाठीवरून तळहात फिरवला आणि मान डोलावली. मग कारखान्याच्या चालकाने मला आवारातल्या ट्रॅकवर नेलं आणि दोन फेऱ्या मारून परत आणलं. फक्त दोन! पण त्या दोन फेऱ्यांच्या जोरावर शोरूममध्ये माझ्या काचेवर पाटी लागली, 'ट्रॅकवर घडलेली गाडी'. मी ती पाटी मनोमन पाठ केली. कुणी काही चांगलं लिहिलं की ते खरंच असणार, असं मला तेव्हा वाटायचं.

मला घेतलं दातांच्या डॉक्टरांनी. माणूस नीटनेटका, बोटं लांबसडक, नखं नेहमी स्वच्छ. सुटीच्या दिवशी ते मला मऊ फडक्याने पुसत आणि जुन्या टूथब्रशने माझ्या चाकांच्या फटी घासत. तोंडाने पुटपुटत, "इथे कीड लागते बरं का." त्यांची बायको दारातून म्हणायची, "पेशंट गेला का घरी?" मला या लाडाची चटक लागली. माझ्या कातडी सीट्स, माझे आठ स्पीकर, माझा घुमणारा आवाज, सगळ्याचा मला तोरा. रस्त्यावर सिग्नलला उभी राहिले की शेजारच्या गाड्यांकडे मी नाक मुरडून बघायची.

डॉक्टरांच्या बायकोचा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा. पँटच्या मागच्या खिशात कायम पाना, म्हणून सगळे त्याला पान्याच म्हणत. त्याच्याकडे एक लहानशी जुनी गाडी होती. तिच्या मागच्या सीट्स काढलेल्या, गालिचा काढलेला, रेडिओच्या जागी नुसतं भोक. तिला तो लाडाने 'डबी' म्हणायचा आणि महिन्यातून एकदा शहराबाहेरच्या ट्रॅकवर घेऊन जायचा. मित्रांनो, डबीला पाहून मी किती हसले होते, ते आठवलं की आजही माझ्या बॉनेटखाली कसंतरी होतं.

एकदा डॉक्टर त्याला म्हणाले, "तुझ्या डबीच्या तिप्पट ताकद आहे माझ्या गाडीत. एकदा येतोच ट्रॅकवर."

"या की भाऊजी," पान्या म्हणाला. "पण ताकदीचं सोडा, थांबायचं बघा. तुमची गाडी जड आहे. रस्त्यावर तुम्ही एकदा जोरात ब्रेक मारता आणि मग दोन किलोमीटर मारत नाही. तिथे दर वळणाला मारावा लागतो. आधी माझ्याकडे आणा, ब्रेक ऑइल बदलू, ब्रेकचे पॅड बदलू. आणि तीन फेऱ्या जोरात झाल्या की एक फेरी सावकाश मारायची, ब्रेक निवायला."

डॉक्टर हो हो म्हणाले. गुरुवारी येतो म्हणाले. त्या गुरुवारी कुणाची तरी दाढ निघाली, पुढच्या गुरुवारी पाहुणे आले. माझं ब्रेक ऑइल कारखान्यातून भरलेलं होतं तेच राहिलं. त्याचा एक स्वभाव तुम्हाला सांगते. ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतं. वर्षं गेली की त्यात पाणी मुरतं. ब्रेक फार तापले की त्या पाण्याची वाफ होते, तेलात बुडबुडे होतात, आणि मग पाय पेडलवर पडतो खरा, पण चाकांपर्यंत जोर पोचतच नाही. चार वर्षं मी बाहेरून आरशासारखी लखलखत होते आणि आतून ही अशी झाले होते. मला ते कळत नव्हतं असं नाही. मी कानाडोळा केला.

ट्रॅकवर जायचा दिवस उजाडला. फाटकापाशी प्रत्येक गाडीची तपासणी व्हायची, आणि ती करायच्या मावशी. मावशी तशा कुणाच्याच मावशी नव्हत्या. बस डेपोत तीस वर्षं बसचे ब्रेक तपासून निवृत्त झालेल्या बाई. अंगात नारिंगी जाकीट, हातात कागदाचं पॅड, कानामागे पेन्सिल. डोळ्यांत तेल घालून काम करायच्या. चाकं हलवून बघायच्या, टायरवर नख दाबायच्या, आणि शेवटी प्रत्येक मालकाच्या डोळ्यांत बघून विचारायच्या, "ब्रेक ऑइल केव्हा बदललं होतं?" उत्तर आलं की स्वतःच्या हाताने लिहायच्या. जो अडखळला त्याला पलीकडच्या तंबूत पाठवायच्या. तिथे ऑइल बदलून मिळायचं, पण तासभर जायचा आणि सकाळची पाळी हुकायची.

आमच्या पुढे डबी होती. पान्याने तारीख सांगितली, तीही वार धरून. मग आमचा नंबर आला. मावशींनी माझी लख्ख चाकं पाहिली. आत बसून पेडल तीनदा दाबलं. आता लाजेची गोष्ट ऐका. जुनं ऑइल थंड असताना कुरकुरत नाही. माझं पेडल तिन्ही वेळा दगडासारखं घट्ट राहिलं. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या त्या पायाला मी बेमालूम फसवलं.

"ब्रेक ऑइल केव्हा बदललं होतं?" त्यांनी विचारलं.

पान्या दहा पावलांवर हेल्मेटचा पट्टा आवळत उभा होता. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तंबूकडे.

"गेल्या महिन्यात," ते म्हणाले.

मावशींनी लिहून घेतलं आणि माझ्या काचेवर हिरवा कागद चिकटवला.

सुरुवात झोकात झाली. सरळ पट्ट्यावर मी डबीला सहज गाठायची. पण वळण आलं की ती चटकन वाकून निसटायची आणि माझं सगळं वजन माझ्याच अंगावर यायचं. सीट्स, स्पीकर, गालिचे, मिरवायची म्हणून जी जी वस्तू होती ती प्रत्येक वळणाला मला थांबवावी लागत होती. तिसऱ्या फेरीत टायर चिकट झाले. चौथी फेरी सावकाश मारायची होती, ती डॉक्टरांनी मारली नाही. पाचव्या फेरीत पेडल मऊ लागलं. डॉक्टरांचा पाय दचकला. त्यांनी दोनदा भराभर दाबलं, पेडल वर आलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण डबी समोर दिसत होती, अगदी हातभर अंतरावर. सगळा दोष मी डॉक्टरांवर ढकलत नाही. मलाही पुढे जायचं होतं.

सहाव्या फेरीत, सरळ पट्टा संपतो तिथे, त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल तळाला जाऊन टेकलं. काहीच झालं नाही. समोर डबी वळणासाठी मंदावली होती. मी जशीच्या तशी जाऊन तिच्या पाठीत घुसले. ती गरगर फिरली आणि कडेच्या टायरांच्या भिंतीवर आदळली. पान्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला स्ट्रेचरवरून नेताना तो डॉक्टरांना विचारत होता, "भाऊजी, तुम्हाला लागलं नाही ना?" डॉक्टरांना साधं खरचटलंही नव्हतं.

दुपारी ट्रॅकच्या समितीची तीन माणसं शेडमध्ये माझ्याभोवती जमली. त्यांनी मावशींचा कागद वाचला. मग अध्यक्षांनी डॉक्टरांना विचारलं, "तुम्हाला ब्रेक ऑइलबद्दल विचारलं होतं का?"

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी माझ्या चेपलेल्या नाकाकडे पाहिलं, ओठ ओले केले आणि म्हणाले, "नाही. मला काही विचारलं नाही."

"मग हे कुणी लिहिलं, मावशी? अक्षर तर तुमचंच आहे."

"माझंच आहे," मावशी म्हणाल्या. "यांनी सांगितलं, मी लिहिलं."

"न विचारताच रकाने भरत असाल तर तपासणी कसली ही?"

मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी अंगातलं नारिंगी जाकीट काढलं, त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवून त्या चालत्या झाल्या. मला हॉर्न असून मी मुकी. वाजवला असता तरी कुणाला काय कळणार होतं?

दहा दिवसांनी मला पान्याच्या गॅरेजात आणलं. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला. आता ब्रेकचं ऑइल काढायचं काम एकट्याचं नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून ऑइल बाटलीत धरायचं. दुसरा माणूस म्हणून डॉक्टर माझ्या सीटवर बसले. ज्या पायाने सगळं झालं तोच पाय त्याच पेडलवर.

"दाबा," पान्या खालून म्हणायचा. "धरून ठेवा. सोडा."

काचेच्या बाटलीत माझं ऑइल थेंब थेंब पडू लागलं. नवं ऑइल मधासारखं असतं. माझं निघालं ते नाल्याच्या पाण्यासारखं काळपट. पान्याने त्यात ऑइलमधलं पाणी तपासायचं पेन बुडवलं, पेनाचा लाल दिवा लागला. इतकी वर्षं ज्यांनी माझं कौतुक केलं त्या सगळ्यांसमोर माझं पोट उघडं पडावं तसं मला झालं.

"हे गेल्या महिन्यातलं का, भाऊजी?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "ओतून टाक ना ते."

"मावशींचं काम गेलं. लोक म्हणतात, म्हातारी घरी बसून कागद भरते. डेपोतले जुने सोबतीसुद्धा कुजबुजायला लागलेत."

"तुझ्या ताईला कळलं तर..."

"ताईला मी काही सांगणार नाही. आणि हे ओतणारही नाही. एका हाताने जमत नाही मला." त्याने बाटली माझ्या बॉनेटवर ठेवली आणि पुढच्या चाकापाशी सरकला. "दाबा."

तेवढ्यात दारात मावशी आल्या. डॉक्टरांना शोधत नव्हे, पान्याची तब्येत विचारायला, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. त्या साध्या निळ्या सदऱ्यात कितीतरी लहान दिसत होत्या. पान्याला म्हणाल्या, "झोपायचं सोडून हे काय चाललंय तुझं?" आणि मग त्यांना बाटली दिसली. त्यांनी ती उचलली, उजेडात तिरकी करून पाहिली, पुन्हा होती तिथे ठेवली.

डॉक्टरांचा पाय पेडलवरच होता. त्यांना पाय काढता येईना, कारण खाली नट सैल होता आणि पान्याने अजून 'सोडा' म्हटलं नव्हतं. पान्या मुद्दामच गप्प बसला होता की काय, देव जाणे.

"मावशी," डॉक्टर शेवटी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतंत. मीच खोटं सांगितलं. आणि नंतर पुन्हा खोटं बोललो."

मावशींनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे, डॉक्टर. मी तिथेच होते. जे तिथे नव्हते त्यांना सांगा."

पान्याने नट आवळला. "सोडा," तो म्हणाला.

डॉक्टर उतरले. फडकं घेऊन त्यांनी बाटली पुसली, झाकण लावलं आणि ती छातीशी धरून ते चालत निघाले. गॅरेजपासून समितीचं कार्यालय चांगलं दूर आहे. पान्याने त्यांना गॅरेजातली एक जुनी गाडी देऊ केली. ते नको म्हणाले.

त्यांना वर्षभर ट्रॅकबंदी झाली, घरी जे काय ऐकावं लागलं असेल ते लागलंच. मावशींचं काम परत मिळालं. पण पान्या सांगतो, पूर्वी त्या माणसाच्या शब्दावर हिरवा कागद द्यायच्या. आता प्रत्येक गाडीची ब्रेक ऑइलची टाकी स्वतः उघडून पेन बुडवतात, मालक कितीही सज्जन दिसो. तो विश्वास काही परत आला नाही. तो आम्ही दोघांनी मिळून घालवला, डॉक्टरांनी तोंडाने आणि मी घट्ट राहून.

मित्रांनो, गॅरेजात येणारी पोरंसोरं मला बघून विचारतात, "ही ट्रॅकवर पळेल का हो?" पळेल. माझ्यासारखी रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर जरूर पळेल. पण तिला आधी तयार करावं लागतं, तिथे मधूनमधून निवू द्यावं लागतं, आणि घरी आणल्यावर पुन्हा तपासावं लागतं. नुसत्या ताकदीवर जाऊ नये. तुमची सायकल असो की मोठेपणी घेतलेली गाडी, तिला पुसा, चमकवा, माझी ना नाही. पण जे दिसत नाही तेही बघा. आणि कुणी विचारलं, केव्हा बदललं होतं, तर आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. त्याने फार तर तासभर वाया जातो.