नळी नव्हती

कागद म्हणतो : टिकारामला व्हेंटिलेटर लावला.

मशीन व्हेंटिलेटरचीच, हे खरं. पण तिच्या टोकाला काय होतं? घशात घातलेली नळी, की तोंडावर बांधलेला मास्क? विम्याच्या मंजुरीसाठी दोन्हींचे कोड वेगळे. भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात कोड टाकायचं काम तृप्तीचं, आणि तिचं बोट कीबोर्डवर अडलं होतं. कोड गेल्याशिवाय टिकारामला सुट्टी नाही.

रीना सिस्टर म्हणते : "मी ड्यूटीवर नव्हते गं. टाक ना नळीचा, लगेच पास होते."

तृप्ती उठली, वॉर्डात गेली. टिकारामची बायको गिरजाबाई पिशव्या बांधून तयार. मोहाडीहून मागवलेली गाडी खाली उभी.

"मावशी, मशीन लावली तेव्हा काका बोलत होते का?"

"बोलत? तोंड बांधलं तरी मले शिव्या देऊन राहिला होता बुढा! चहा मांगे."

तृप्तीला हसू आलं. घशात नळी असती तर आवाजच फुटला नसता.

म्हणजे मास्क. म्हणजे नोंद दुरुस्त करायला डॉक्टरांची सही. डॉक्टर नागपूरला. येणार संध्याकाळी.

"लिहून टाक ना व बाई," गिरजाबाई वैतागली. "मशीन तर होतीच. गाडीवाला कल्ला करून राहिला."

"मावशी, पुढे कधी दम लागला तर नवा डॉक्टर हाच कागद वाचेल. आधी नळीवर होते म्हटलं की यांचा आजार आहे त्याहून मोठा समजेल. उपचारही तसेच करेल."

(गोष्ट इथे थांबते. गिरजाबाई विचार करते आहे. आपणही थांबू.)

बोलला टिकाराम. "बाजूच्या खाटेवर भय्याजीले नळी होती. बोटं हालवून बायकोशी बोले बिचारा. मले नोती. मंग काहून लिहाची?"

"मंग बस संध्याकाळलोक!" गिरजाबाई त्याच्यावरच उखडली आणि गाडी वापस पाठवायला खाली गेली. तिचं आणि गाडीवाल्याचं भांडण खिडकीतून वरपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळ. डॉक्टरांनी चार्ट पाहिला, टिकारामला विचारलं, नोंद दुरुस्त करून सही केली. तृप्तीने मास्कचा कोड टाकला. मंजुरी आली.

"मोहाडीची एसटी भेटल का आता?" गिरजाबाईने विचारलं.

"भेटेल. पण काकांना पळवू नका."

"थो कायचा पळते," गिरजाबाई म्हणाली, आणि त्याचा हात धरून हळूहळू जिना उतरू लागली.