एक्केचाळीस जणींचं बोलणं

सुमनबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा महानंदा कपाट रिकामं करत होती. नळदुर्गच्या बसस्थानकामागचं महिला सल्ला केंद्र मार्चअखेर बंद होणार होतं. संस्थेचं पत्र आलं होतं की, संगणक आणि हार्ड डिस्क पुसून, कोऱ्या करून लातूरच्या कार्यालयात जमा कराव्यात.

"डिस्क उघडली का वो ताई?" सुमनबाईंनी दारातूनच विचारलं.

"न्हाय उघडली. बसा तुम्ही, पाणी घ्या."

त्या बेंबळीजवळच्या खेड्यातून दोन बस बदलून येत. त्यांची मुलगी श्रावस्ती सहा वर्षांपूर्वी याच खोलीत तासभर बोलली होती, नवऱ्याच्या मारझोडीबद्दल. महानंदानं ते तिच्या संमतीनं रेकॉर्ड केलं होतं. पुढं श्रावस्तीनं नवरा सोडला, सोलापूरला जाऊन एका दवाखान्यात आयाचं काम धरलं. माहेराशी मात्र ती पुन्हा बोलली नाही. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं ती गेली. आईला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिच्या खोलीतल्या पेटीत सुमनबाईंना केंद्राची पावती सापडली, 'जबाब ध्वनिमुद्रित केला' असं लिहिलेली; ते त्यांना कुणीतरी वाचून सांगितलं. तिच्या मोबाईलमध्ये फोटो होते. आवाज कुठंच नव्हता.

त्या पावतीमुळंच त्या येत होत्या.

महानंदाकडं अशा एक्केचाळीस जणींचं बोलणं होतं. सगळं एकाच डिस्कवर, पासवर्डच्या कुलपात. नळदुर्ग काही मोठं गाव नाही. कुणाचा दीर ओळखीचा, कुणाचा सासरा बाजार समितीतला. म्हणून तिनं पासवर्ड कुठंच लिहिला नव्हता. कुलूप लावताना संगणकानं अंकांची एक लांबलचक किल्ली दिली होती, पासवर्ड विसरलाच तर असावी म्हणून. तिचा कागदही तिनं फाडून टाकला होता. "लिहिलं की ते दुसऱ्याचं झालं," असं ती म्हणायची, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

मग दीड वर्षापूर्वी हायवे ओलांडताना एका जीपनं तिची स्कूटी उडवली. अकरा दिवस ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावर बऱ्याच गोष्टी हळूहळू परत आल्या. नवऱ्याचं नाव, घरचा पत्ता, आईकडून शिकलेलं कन्नडसुद्धा. पासवर्ड आला नाही. तिनं शंभरेक शब्द घालून पाहिले. मुलीचा वाढदिवस, गाडीचा नंबर, देवाची नावं. कधी कधी बोटं कळफलकावर आपोआप वळायची, आता जमणार असं वाटायचं आणि चौथ्या अक्षरापाशी सगळं कोरं व्हायचं.

"आज शिवकुमारला बोलवलंय," ती म्हणाली. "त्याला शेवटचं विचारू."

शिवकुमारचं बसस्थानकासमोर संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. तो आला, डिस्क जोडली, पडद्यावर पासवर्ड मागणारी नेहमीची चौकट आली. त्यानं मान हलवली.

"अक्का, म्या मागंच सांगितलं. हे कुलूप माझ्यानं निघत न्हाय. पुण्या-मुंबईत पण निघत न्हाय. पासवर्ड तरी पायजे, न्हायतर ती किल्ली तरी."

"कधीच नाही निघणार?"

"कधीच असं कसं म्हणू? आज न्हाय निघत. धा-वीस वर्षांनी काय निघंल, कोण सांगावं."

सुमनबाईंनी ते ऐकलं आणि त्या पुढं सरकल्या. "मग ती मला द्या ताई. म्या ठेवते. उघडंल तवा उघडंल."

महानंदाला हेच नको होतं. तिनं डिस्कवर हात ठेवला. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, काळी वस्तू.

"सुमनबाई, यात तुमची एकच पोर आहे. बाकी चाळीस जणी आहेत. त्यातल्या कितीतरी अजून त्याच घरात नांदतात. मी त्यांना शब्द दिलाय, हे दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही म्हणून."

"म्या कुणाला देणारे?"

"तुम्ही नाही देणार. पण तुमच्यानंतर?"

सुमनबाई मागं सरकल्या. शिवकुमारनं खाली बघत विचारलं, "करू का फॉरमॅट? वरवरचं नको, पुरतं पुसायचं म्हटलं तर तीन-साडेतीन तास लागतील. आणि एकदा सुरू झालं की मागं फिरता येत न्हाय. नंतर पासवर्ड आठवला तरी उपयोग न्हाय."

महानंदानं सुमनबाईंकडं पाहिलं. तिला वाटलं, त्या रडतील किंवा भांडतील. त्यांनी नुसता पदर सारखा केला.

"करा," त्या म्हणाल्या. "पण म्या इथं बसते."

शिवकुमारनं सगळं लावून दिलं. शेवटचं बटण मात्र त्यानं दाबलं नाही. "ते तुमीच दाबा अक्का," म्हणाला. महानंदानं दाबलं. पडद्यावर पुसणं किती झालं ते दाखवणारी एक हिरवी पट्टी उमटली, नखाएवढी. शिवकुमार दुकानाकडं गेला.

दोघी बसून राहिल्या. साडेअकरा वाजले होते. बाहेर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचा आवाज अखंड चालू होता. महानंदानं डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सुमनबाईंपुढं ठेवली. त्यांनी दोन घास खाल्ले. पट्टी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी विचारलं,

"तुमी तर समोर होता. तुमाला आठवतं का ती काय बोलली?"

हा प्रश्न येणार, हे महानंदाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तासाभराचं बोलणं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, पण एक वाक्य राहिलं होतं. डिस्क उघडली असती तर ते या बाईला ऐकावं लागलं असतं. म्हणूनच आज बटण दाबताना तिला दुःखाबरोबर सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि त्याची तेव्हापासून लाज वाटत होती.

"थोडं आठवतं," ती म्हणाली.

"माझं काय बोलली का?"

महानंदानं डब्याचं झाकण लावलं. सुमनबाई पट्टीकडं बघत म्हणाल्या, "म्या सांगू? म्या तिला परत धाडली म्हणून बोलली आसंल. दात पडला व्हता तिचा. रातचं चालत आली व्हती. म्या सकाळी च्या पाजला आन् तिच्या बापाबरुबर परत लावून दिली. म्हनलं, सगळ्याच बाया खातात मार, तू काय येगळी हाईस का. तिचा बाप न्हाय म्हणत व्हता. म्याच म्हनलं."

"व्हय," महानंदा म्हणाली. "ते बोलली ती."

"कसं बोलली? रागानं?"

"रागानं नाही. सरळ सांगितलं."

सुमनबाईंनी मान हलवली. "तेच ऐकायचं व्हतं. तिच्या तोंडून. मला ती कदी बोललीच न्हाय. एकदा बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर..." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

महानंदाच्या मनात आणखी एक वाक्य वर येत होतं. 'आईला हे कळू देऊ नका, तिला लागंल.' श्रावस्ती उठताना, दाराशी वळून असं म्हणाली होती, असं तिला वाटत होतं. पण खरंच म्हणाली होती का? की ती दुसरी कुणी होती? की समोर रडणाऱ्या आईसाठी आपलंच फुटकं डोकं हे रचत होतं? खरं-खोटं करायला आता काही उरलं नव्हतं. पट्टी निम्म्याच्या पुढं गेली होती. आणि खरं असेल तर ते सांगणं म्हणजे मेलेल्या पोरीला दिलेला शब्द मोडणं.

तिनं खुर्ची सुमनबाईंकडं ओढली. मग म्हणाली, "आणखी एक म्हणाली असं मला वाटतं. पण मावशी, माझ्या डोक्याचा भरवसा नाही. खरं असंल, नसंलही."

"सांगा."

तिनं सांगितलं.

सुमनबाईंनी ते एकदा ऐकलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "ती अशीच बोलायची. पर तुमी माझ्यासाठी म्हणत आसाल तरी म्या काय वळखणार."

"तेच मलाही कळत नाही," महानंदा म्हणाली.

पावणेतीनला पट्टी भरली. डिस्क कोरी झाल्याची चौकट आली. सुमनबाईंनी ती वाचता येत नसूनही नीट बघितली. महानंदानं डिस्क काढली, पाकिटात घातली, वर संस्थेचा पत्ता लिहिला. अक्षर वाकडं आलं.

ती त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. तुळजापूरची गाडी गच्च भरली होती. पायरीवर चढताना सुमनबाई वळल्या.

"केंद्र बंद झाल्यावर तुमी कुठं आसता?"

"घरीच. किल्ल्याच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीजवळ."

"मग तिकडं येते. डोकं बरं झालं, आजून काय आठवलं तर सांगा. वाईट आसलं तरी सांगा."

गाडी निघाली. महानंदा तिथंच उभी राहिली. आपल्याला आणखी काही आठवावं, अशी इच्छा करावी की नाही, हे तिला ठरवता येईना.