दर दहावं झाड

अकराव्या झाडाचं खालचं पान मयूराने उलटं केलं आणि भिंग डोळ्याला लावलं. शिरेच्या कडेने कोळी होते, पानांचा रस शोषणारे, भिंगाशिवाय न दिसणारे. पाठीवर दोन काळे ठिपके असलेले, आपल्या कामात गर्क, आणि शेजारी पांढुरकी अंडी. पहिल्या झाडावरही हेच होतं. एकविसाव्यावर तर शेंड्याकडच्या फुलांमध्ये बारीक जाळी धरली होती. मधली झाडं बहुतेक स्वच्छ होती.

तिने एकतिसावं झाड पाहिलं. तिथेही होते.

मग ती तिथेच उभी राहिली. चार नंबरच्या खोलीत पंखे चालू होते, दिवे चालू होते, आणि काढणीला नऊ दिवस राहिले होते. ऑस्ट्रेलियात, टूवूंबा शहराच्या बाहेर, मक्याच्या शेतांपलीकडे असलेल्या या बंदिस्त काचघरांत सरकारी परवान्याने गांजा पिकत होता, औषधासाठी. मयूरा गेली सहा वर्षं तिथे कीड शोधायचं काम करत होती. साताऱ्याच्या नातेवाइकांना ती 'औषधी वनस्पती' एवढंच सांगायची. फसले नव्हते ते फक्त तिचे वडील, अप्पा. चौतीस वर्षं कृषी सहायक म्हणून बांधाबांधाने हिंडलेला माणूस; वर्णन ऐकताच म्हणाले होते, "म्हणजे गांजाच की."

फुलं भरत आल्यावर कोळी सापडला की करण्यासारखं फार काही उरत नाही. तेल नको, साबण नको, गंधक तर नकोच. जे फवाराल ते चिकट फुलांत बसतं आणि उद्या कुणा आजारी माणसाच्या छातीत जातं. कोळ्याला खाणारे चांगले कोळी असतात, तेही आधीच्या आठवड्यांतच सोडायचे. आता सोडले तर डिंकात अडकून मरतात. लागलेली झाडं कापायची, खोली थंड करायची आणि उरलेलं पीक लवकर काढायचं. मयूराला हे तोंडपाठ होतं. नवीन लोकांना तीच शिकवायची.

तिची तपासायची पद्धतही ठरलेली होती. दाराजवळच्या पहिल्या झाडापासून सुरुवात आणि मग दर दहावं झाड, पान उलटं करून भिंगाखाली. या खोलीत दुसरं कुणीही दर दहाव्या झाडाला हात लावत नव्हतं. एक, अकरा, एकवीस, एकतीस. कीड चालत आली नव्हती, वाऱ्याने आली नव्हती. ती मयूराच्या गळ्यातल्या भिंगाच्या दोरीवरून उतरली होती.

तिला काही वाटलं नाही. घाम फुटायला हवा होता, तोही फुटला नाही. ऑक्टोबरात आई गेली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. ती विमानाने गेली, बारा दिवस राहिली, सगळं रीतसर केलं, आणि येताना अप्पांना घेऊन आली. रडू एकदाही आलं नाही. येईल कधीतरी, असं धरून तिने शिफ्ट सुरू केली होती, आणि आता मार्च निम्मा सरला होता.

अप्पा तर बोलायचेच बंद झाले होते. भांडण नाही, तक्रार नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं की मान हलवायचे. आई असताना तीच दोघांच्या वाटचं बोलायची. तिच्यामागे बाप-लेकीकडे आपापसात बोलायला विषयच नाही, हे दोघांच्याही पहिल्यांदाच लक्षात आलं असावं. मग एक दिवस दुकानातून श्रावण घेवड्याचं पाकीट आणून अप्पांनी मागच्या कुंपणाशी एक वाफा केला. मयूराने पाहिलं आणि तो राहू दिला. घरी एकही झाड ठेवणार नाही, असं तिने कंपनीला लिहून दिलं होतं. पण ते वाफ्याशी बसायचे, मातीत हात घालायचे, आणि जेवण जरा जास्त जायचं.

तीन आठवड्यांपूर्वी ती संध्याकाळी घरी आली तेव्हा अप्पा दारातच उभे होते. "मयू, घेवड्यावर कोळी पडलाय," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. तुझं भिंग असेल तर बघू."

चार महिन्यांत एका दमात एवढी वाक्यं. भिंग कामावरून बाहेर न्यायचं नाही, हा नियम दारावर लाल अक्षरांत आहे, आणि मजकूर मयूराचाच आहे. दुसऱ्या दिवशी तिने ते शर्टाच्या आत गळ्यात घालून बाहेर आणलं. संध्याकाळभर दोघं वाफ्यात उकिडवी बसली होती. अप्पांनी कोळी पाहिला, अंडी पाहिली, नर-मादी ओळखून दाखवली. फलटणच्या वांग्यांवर एका वर्षी कसा कहर झाला होता ते सांगितलं. जेवताना बोलले, जेवून झाल्यावर बोलले. त्यानंतर रोज संध्याकाळी कोळ्याची खबरबात निघायची. पाणी मारलं, पानं खुडली, आज कमी वाटतो, आज वाढला. तिने ओव्याच्या पाण्यासारख्या घरगुती उपायांवरही वाद घातला, निव्वळ वाद चालू राहावा म्हणून.

त्या पहिल्या संध्याकाळनंतरच्या सकाळी भिंग स्पिरिटने पुसायचं तिने ठेवलं होतं डोक्यात. कपडे बदलले, आंघोळ केली, भिंग पुसलं. दोरी पुसली नाही.

कोळी सापडल्याचं तिने कळवलं, आणि दुपारी ज्युलियनने सगळ्यांना बोलावलं. तो या काचघरांचा व्यवस्थापक, पन्नाशीचा, सरळ माणूस. कीड बाहेरून कुणी आणली असेल म्हणून त्याने मिल्ड्रेडचं नाव घेतलं. मिल्ड्रेड फुलं साफ करायला रोजंदारीवर येते, घरी गुलाब लावते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मागच्या महिन्यात तिच्या केसांत गुलाबाचं एक पान सापडलं होतं. ती आज रजेवर होती. तिला परत बोलावता येईलसं वाटत नाही, असं ज्युलियन म्हणाला, आणि त्याला ते म्हणताना बरं वाटत नव्हतं.

नोकरी जाईल ही भीती मयूराला शोधूनही सापडेना. खरं सांगितलं तर ते घरी कळणार, आणि आपल्या घेवड्यामुळे पोरीचं काम गेलं हे कळल्यावर अप्पा पुन्हा तोंड मिटतील, या वेळी कायमचं, एवढीच एक गोष्ट तिला स्पष्ट दिसत होती. ती अर्धा तास बाकावर बसली. मग उठून ज्युलियनच्या खोलीत गेली आणि खोलीचा नकाशा त्याच्यापुढे ठेवला. चार झाडांना तिने गोल केले होते.

"मिल्ड्रेड या ओळीत कधी आलीच नाही," ती म्हणाली. "हे माझे आकडे आहेत. मी भिंग घरी नेलं होतं."

ज्युलियनने नकाशा पाहिला. मग संगणकावर घटनेचा फॉर्म उघडला. घरी झाडं आहेत का, हो. कोणती, घेवडा. नियम माहीत होता का, मीच लिहिलाय. शेवटी त्याने भिंग का नेलं ते विचारलं, आणि सॉरी म्हणाला, रकाना आहे म्हणून विचारावं लागतं.

"माझे वडील बोलायला लागले होते," मयूरा म्हणाली.

त्याने टाइप करायला बोटं उचलली आणि तशीच ठेवली. त्या रकान्यात निवडायला पाच पर्याय होते. त्याने 'इतर' निवडलं. कामाचं कार्ड परत द्यावं लागेल, असं तो हळू म्हणाला. ती ठीक आहे म्हणाली, तर सवयीने त्याच्या तोंडून 'नो वरीज' निघून गेलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. मयूराला त्याचीच दया आली.

झाडं मात्र मीच कापते, असं तिने मागून घेतलं. दाराकडच्या दोन ओळी, ऐंशी झाडं. प्रत्येक झाडावर उभ्यानेच पिशवी ओढायची, बुडाशी घट्ट बांधायची आणि मगच खोड कापायचं, म्हणजे एकही कोळी खाली पडत नाही. भरलेली फुलं पिशवीत दाबली जात होती. सात आठवड्यांची झाडं. कुणाच्या तरी दुखण्याला उतार पडणार होता त्यांनी. हात सराईतपणे चालत होते. ऐंशीव्या पिशवीला गाठ मारून ती बाहेर आली, आंघोळ केली, कार्ड दिलं आणि गाडी काढली.

घरी पोचली तेव्हा ऊन होतं. अप्पा ओट्याशी भात लावत होते. इतक्या लवकर कशी, असं त्यांनी विचारलं. तिने पर्स ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. भिंग, दोरी, दर दहावं झाड, मिल्ड्रेड, कार्ड. काही गाळलं नाही. गाळायचा विचार रस्त्यात केला होता, पण आयुष्यभर पिकांचे पंचनामे केलेल्या माणसासमोर तो टिकला नसता.

अप्पांनी भाताचं बटण दाबलं. "किती झाडं गेली?"

"ऐंशी."

"त्या बाईवर काही आलं नाही ना?"

"नाही."

"लेखी दिलंस?"

"हो, अप्पा."

त्यांनी मान हलवली. मग सिंकखालून काळ्या पिशव्या काढल्या आणि मागे गेले. मयूरा खिडकीतून पाहत राहिली. त्यांनी शेंगा तोडून घेतल्या नाहीत, फुलं धरली होती तीही पाहिली नाहीत. प्रत्येक वेलावर आधी पिशवी ओढली, बुडाशी बांधली, आणि मग मुळापासून उपटला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काड्या मोडून वेगळ्या पिशवीत भरल्या. वाफा पायाने सपाट केला. कुंपणाजवळच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट तिथेच काढून पिशवीत टाकला, आणि उघड्या अंगाने आत आले. पाठीची हाडं दिसत होती. इतके वाळलेत हे तिला माहीत नव्हतं.

दुसरा शर्ट घालून ते टेबलाशी येऊन बसले. कुकरमधला भात शिजत होता. उद्या भाजी कोणती आणायची हे विचारावं तशा आवाजात ते म्हणाले,

"मग आता संध्याकाळी बोलायचं कशावर, मयू?"

मयूरा खिडकीपासून वळली आणि दोघांची ताटं घेतली.