मला सरळ टांगू नका

मेलंय असं कुणाला म्हणालास रे, दाढीवाल्या? चहाला जाता जाता बोलून मोकळा झालास. वर ये आणि माझ्या तोंडावर बोल. मी बोलतोय, तुमच्या वर्गातल्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. मी मेलो नाही, थांबलोय. एवढं कळत नाही तर कसलं डिझाइन शिकता तुम्ही?

मी ज्या पोरीचा, तिचा बाप वेताच्या खुर्च्या विणतो. डोळे गेले त्याचे, हात राहिले. ओला वेत दोन्ही हातांनी ताणून धरावा लागतो, एक हात सुटला की वीण ढिली पडते. बायको कामाला जाते, पोर कॉलेजात. दिवसभर दुकानात तो आणि मी. माझा ठोका पडला की तो "हं" म्हणतो. मागे पडलो तर शिव्या घालतो, "झोपलास काय रे?" घालू दे. माझ्याशी माणसासारखं बोलतो तरी. गिऱ्हाइकं त्याच्याशी ओरडून बोलतात, जसा काही बहिराच आहे.

पोरीनं मला तुमच्या वर्गात न्यायचं काढलं तेव्हा तो कुरकुरला.

"बाबा, नवं करून आणते. तुम्हालाही वापरता येईल असं."

"मला वाजलं की पुरे. वाजणं काढू नकोस बाई."

"नाही हो काढणार."

खोटं कशाला बोलू, काम बरं केलंत तुम्ही. काच काढलीत. काटे जाड केलेत, कडा घासून गुळगुळीत केल्यात. आकडे लाकडात उठवलेत. बोट फिरवलं की वेळ कळते. एवढी वर्षं भिंतीवर काढली, पण आंधळ्या माणसाला मला हात लावून बघावंसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. पोरीच्या आलं.

मग टांगताना माती खाल्लीत. फोनमधला पातळी दाखवणारा बुडबुडा बघत बघत मला एकदम सरळ केलंत.

"दुकानात वाकडं होतं ना गं हे?" तूच विचारलंस.

"आमची भिंतच वाकडी आहे," ती म्हणाली. मान खाली घालून म्हणाली. दुकानात येणारा जो तो मला बघून हसायचा, "पिऊन टांगलंय का घड्याळ?" म्हणायचा. लहानपणापासून तिला त्याची लाज. म्हणून बापाला कधी विचारलंच नाही.

भिंत सरळ आहे रे. वाकडा मी आहे. दुकानात आणताना सायकलवरून पडलो, आतली एक पट्टी वाकली. म्हणून बापानं ठोका ऐकत ऐकत मला मुद्दाम तिरकं टांगलं. सरळ टांगलं की लंगडतो. टिक, मग बराच वेळ काही नाही, मग टॉक. असं थोडं चाललो आणि बसलो.

तुम्ही लगेच दुखवट्याला उभे.

"आतलं काढून टाक. सेलचं मशीन बसव," तू म्हणालास. "हा ठणठण आवाज कुणाला हवाय आजकाल?"

"बाबांना हवाय."

"अगं, मेलंय ते. आणि आता बोटानं बघतील की."

ती सेलचं मशीन आणायला गेली. जिन्यात थांबून तिनं नाक ओढलं, ते मी ऐकलं.

बोटानं बघायला हात मोकळा लागतो, शहाण्या. त्याचा असतो कधी? वेत सोडून उठेल, भिंत चाचपडेल, परत येईतो वीण गेलेली. एक-दोनदा करील. मग वेळ बघणंच सोडून देईल. आणि पोरीला म्हणेल, "छान झालंय हो." तो तसलाच आहे. तिला कळायचंही नाही.

माझं जाऊ दे. आतलं काढून भंगारात टाकलंत तरी मी रडत बसणार नाही. पण त्या दुकानात दिवसभर कुणाचा आवाज राहील, ते सांग.

चहा पुरे झाला. वर ये. खिशातला तो स्क्रू ड्रायव्हर ठेव खाली. माझी पेटी खालून डावीकडे सरकव, लंबकाला धक्का दे आणि टिकटिक एकसारखी होईपर्यंत तिथनं हलू नकोस. पोरगी आली की तिला सांग, चूक आपली होती. मग तिच्या बापाला फोन लाव आणि ठोके पडेपर्यंत माझ्यासमोर धर.