आरोहीच्या बोटाखालचा चाप

मित्रांनो, मी एक जुना चाप. छर्ऱ्याच्या रायफलीला खाली बोटभर लोखंडी जीभ असते ना, जी ओढली की छर्रा सुटतो, तो मी. वय चाळीस. लोक रायफलीची नळी पाहतात, दस्ता पाहतात, माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. नेम चुकला की मात्र पहिला आळ माझ्यावरच येतो बघा.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे हरिबा नावाचे कारागीर होते. साच्यातून निघालो तेव्हा मी चांगलाच खडबडीत होतो. हरिबांनी मला कानशीने घासलं, ओढून पाहिलं, परत घासलं. शेवटी मी लोण्यासारखा सुटायला लागलो, तेव्हा कुठे ते जेवायला उठले. आता लोक म्हणतात, जुन्या काळचे चाप म्हणजे काय विचारू नका! खरं सांगू? माझ्याच पेटीतले कितीतरी भाऊ भयंकर होते. ओढता ओढता बोट दुखायचं. ते केव्हाच भंगारात गेले. उरलो आम्ही चार बरे, म्हणून जुन्याची एवढी कीर्ती.

फिरत फिरत मी गेवराईला रामकिसन हवालदारांकडे आलो. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरापोरींना नेमबाजी शिकवायला घेतली. त्यांची लेक आरोही अकरावीत आहे. तिचं बोट माझ्यावर टेकलं की मला कळतं, आज पोरीचं मन थाऱ्यावर आहे की नाही. गेल्या साली जिल्ह्याच्या निवडीत ती एका गुणाने हुकली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. यंदाची निवड बीडला, दसऱ्यानंतर सातव्या दिवशी होती.

दसऱ्याला घरात शस्त्रपूजा असते. आरोहीची आई सत्यभामाबाई दरवर्षी रायफलीच्या दस्त्याला कुंकवाचं बोट लावायच्या. यंदा त्यांचा सगळा जीव त्या निवडीत अडकलेला. छर्रा सोडतो तो हा, मग पूजा याचीच, असं त्यांच्या मनाने घेतलं असणार. त्यांनी चिमटीचिमटीने हळदकुंकू माझ्यावर सोडलं, आणि ते नीट बसावं म्हणून वर करडईचं तेल. चाळीस वर्षांत मला एवढी माया कोणी लावली नव्हती, खोटं कशाला बोलू? पण तेल आत झिरपलं, त्याच्या मागोमाग कुंकू गेलं, आणि दोन दिवसांत माझ्या सांध्यात लगदा घट्ट बसला.

आरोहीने ओढलं, मी अडखळलो. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. छर्रे निशाणाच्या कागदाच्या कडेला जायला लागले. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

हवालदार म्हणाले, "झिजला हा. उगं किती दिवस वापरायचा?"

ते बीडहून नवी रायफल घेऊन आले. तिचा चाप चकाचक, पण जड, आणि मध्येच खरखर करायचा. कारखान्यात कोणी त्याला ओढूनसुद्धा पाहिलं नसावं. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जुळवायचा स्क्रू होता. कोणी निवांत बसून जुळवला असता तर पोर गुणी निघालं असतं. पण निवड आता उद्यावर आली होती, आणि आरोहीचा नेम त्याच्यावरही बसेना.

दुपारी ती मला मांडीवर घेऊन बसली आणि तिने मागचे दोन स्क्रू काढले. आत सगळं लाल. तेवढ्यात सत्यभामाबाई कापूस वेचून आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय हाय गं ते?"

"गंज हाय, आई. जुनं लोखंड हाय न्हवं."

सत्यभामाबाईंनी जवळ येऊन, वाकून वास घेतला. "गंजाला हळदीचा वास येतोय व्हय?"

आरोहीने मला पटकन पालथं केलं.

"म्या केलं हे." त्या तिथेच खाली बसल्या. "लेकराचं वरीस वाया घातलं म्या."

"तसं काई न्हाई. पुसलं की निघतंय."

शिलाई मशीनचं तेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तिने मला तासभर साफ केलं. हरिबांनंतर एवढा वेळ मला कोणी दिला नव्हता. हवालदारांनी मला ओढून पाहिलं, आणि नवी रायफल मुकाट्याने खोक्यात ठेवली.

बीडला मी चाळीस छर्रे सोडले, एकदाही अडलो नाही. तीन मुली घ्यायच्या होत्या. आरोही दुसरी आली.

घरी सत्यभामाबाईंनी लेकीची दृष्ट काढली, तोंडात पेढा घातला. रायफलीपासून मात्र लांबच राहिल्या. "म्या न्हाई हात लावायची आता त्याला," म्हणाल्या.

आरोही त्यांना शेडमध्ये घेऊन गेली, रायफल त्यांच्या खांद्याला लावली आणि त्यांचं बोट माझ्यावर ठेवलं. ते बोट कापसाच्या बोंडांनी ओरखडलेलं होतं.

"वढ, आई. हळू."

मी होता होईल तेवढा हळुवार सुटलो. छर्रा कुठल्या कुठे गेला.

"एवढं हलकं असतंय व्हय हे?" त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून जवळ बसल्या. "दाव मला, कसं साफ करतेत ह्याला."

मित्रांनो, जुनं चांगलं की नवं, हा वाद मोठी माणसं घालोत. तुम्ही एवढंच करा: वस्तू अडली तर टाकून देण्याआधी तिला एकदा उघडून बघा. आत कोणाची माया अडकलेली सापडली, तर ती पुसून काढा, पण त्या माणसाला रागावू नका.