वैशाखातली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. पाटोद्याच्या बाजारात केशरबाईंच्या सासूने मला पारखून घेतले, तेव्हा माझ्या अंगाला चिंचोक्याच्या खळीचा वास होता. मेंढीची लोकर आणि खड्ड्यातला माग हे माझे कूळ. हिवाळ्यात राबायचे आणि उन्हाळ्यात घडी होऊन पडून राहायचे, असा माझा करार होता.

मित्रांनो, तो करार दुष्काळात मोडला.

केशरबाई गावच्या दूध संस्थेच्या अध्यक्ष. धाकटी लेक तापाने गेली, तेव्हा त्या कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी केशरबाई उठल्या आणि पुन्हा दूध मोजायला गेल्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सारे गाव नेमके हेच विसरले.

दोन वर्षांनी विहिरी आटल्या आणि संस्थेची चारा छावणी उभी राहिली. त्या वैशाखात माणसे सावली शोधत आणि केशरबाई मला पांघरून कुडकुडत. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, पाऊल जड झाले. त्यांचा गारठा मला कळत होता; पण घोंगडीची साक्ष कोण काढतो?

निकाल दिला तो त्यांचे दीर आणि संस्थेचे संचालक बंकटराव यांनी.

"वैनी, वैशाखात घोंगडी? त्या येड्याच्या गोळ्यांनीच झालंय हे. संस्थेच्या सभेच्या आत गोळ्या सोडा, न्हाईतर खुर्ची सोडा."

"आन् गोळ्या सोडून परत भिंतीकडं तोंड करू का, भावजी?"

केशरबाई मला पांघरूनच तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. "एवढ्या उन्हात घोंगडी का?" डॉक्टरबाईंनी विचारले. हा प्रश्न साऱ्या गावाने विचारला होता. उत्तर ऐकायला थांबलेल्या त्या पहिल्याच. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासले.

"तुमची थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे काही वेळा आढळते. गोळ्यांमुळे झाले की आधीपासून होते, ते खात्रीने सांगता येत नाही. ग्रंथी मंदावली तरी मन खचते. त्यावर वेगळी गोळी देते. पण मनाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका."

ज्यांनी आयुष्य अभ्यासात घालवले त्यांना खात्री नव्हती. ज्यांनी पाकिटावरचे नावही वाचले नव्हते, त्या बंकटरावांना ती पुरेपूर होती. विद्वत्तेची ही वाटणी मला पुढेही अनेकदा दिसली.

सभा छावणीतच भरली. केशरबाई मला पांघरून आल्या आणि त्यांनी दोन्ही पाकिटे टेबलावर ठेवली.

"ही सकाळची, गळ्याची. ही रातची, मनाची. दोन्ही खानार. भावजी, तुमी रोज पित्ताची गोळी खाता. तुमचं संचालकपद पित्तावर चालतं का?"

कडब्याच्या पेंढ्यांवर बसलेल्या बाया खो खो हसल्या. त्यांच्यातली मुक्ताबाई ओरडली, "खुर्चीवर बसा बाई तुमीच! दूध मोजायला ह्यो बंकट कवा पहाटं उठलाय?" हात वर झाले. बंकटरावांचाही, सर्वांत शेवटी.

पुढच्या वैशाखात केशरबाईंना उन्हाचा घाम फुटला. त्यांनी तो पदराने टिपला, मला झटकून घडी केली आणि पेटीत ठेवले. मी आजही तिथेच आहे.

मित्रांनो, माझ्या जातीची सगळी जुनी मंडळी शेवटी 'आम्हाला विसरू नका' अशी विनवणी करतात. मी करणार नाही. खुशाल कसर लागून माझी चाळण होवो. पण भर उन्हात कोणी कुडकुडताना दिसले, तर हसण्याआधी त्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.